विहिरीत पेट्रोल उतरलंय, आणि आपण भांडतोय भलत्याच गोष्टीवर

गेल्या उन्हाळ्यात मामांच्या विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास यायला लागला. गाव बेळगाव जिल्ह्यातलं, हायवेच्या कडेचं, निपाणी आणि संकेश्वरच्या मधलं. नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की पंप कुणाचा, डीलर कुणाचा माणूस हेच सुरू होतं आणि मला नेमकं तेच टाळायचंय. पहिल्यांदा मामी म्हणाली घागरीला कसलातरी वास येतोय, तेव्हा सगळ्यांनी मोटारीचं ऑइल गळलं असेल म्हणून सोडून दिलं. मग पाण्यावर रंगीत तवंग दिसायला लागला, म्हशीनं हौदाला तोंड लावायचं बंद केलं, पंचायतीचा माणूस येऊन टीसीएल, म्हणजे जंतू मारायची ब्लीचिंग पावडर टाकून गेला, आणि त्यानंतर गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जे भांडण पेटलं ते अजून चालू आहे. एक बाजू म्हणते पंप बंद करा आणि भरपाई द्या. दुसरी म्हणते कर्नाटक सरकार मराठी गावांकडं बघतच नाही, महाराष्ट्रात असतो तर ही वेळ आली नसती. तिसरी म्हणते विहीर उपसा आणि एक पावसाळा जाऊ दे, सगळं धुऊन निघेल. तिन्ही बाजूंची माणसं आपलीच आहेत, तळमळीनं बोलतात, खरं एवढ्या शेकडो मेसेजमध्ये एकानंही विचारलं नाही की जमिनीत पेट्रोल किती उतरलंय आणि ते कुठवर गेलंय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जमिनीत इंधन उतरलंय हे कळल्यावर पहिला प्रश्न ‘कुठवर गेलंय’ हा असला पाहिजे, ‘कुणी केलं’ हा त्याच्यानंतरचा. आणि ते शोधायला, साफ करायला लागणारा पैसा गळती व्हायच्या आधीच जिल्ह्यात बाजूला काढून ठेवलेला असला पाहिजे, विकल्या जाणाऱ्या प्रत्येक लिटरमागं एखादा पैसा घेऊन. दोषी शोधा, दंड करा, भरपाई घ्या, कोर्टात खेचा, हे सगळं व्हायलाच पाहिजे. पण त्याचा निकाल लागेपर्यंत सफाई थांबून राहते, आणि पाणी काही तोवर थांबत नाही.

आता हे होतं कसं ते जरा नीट बघू, कारण भांडणाऱ्या बऱ्याच जणांना पंपाच्या खाली काय असतं हेच माहीत नाही. फरशीखाली लोखंडी टाक्या पुरलेल्या असतात, एकेक साधारण वीस हजार लिटरची. वर्षानुवर्षं मातीत राहून लोखंड गंजतं, पाइपच्या जॉइंटमधून पाझरतं, टँकर खाली करताना सांडतं. रोज डिप मारतात, म्हणजे टाकीत पट्टी बुडवून पातळी मोजतात, स्टॉक जुळवतात, हे खरं आहे, पण पेट्रोल उडून जातं, उन्हानं फुगतं, थंडीनं आकसतं, त्यामुळं थोडी घट सगळेच धरून चालतात आणि बारीक गळती त्या घटीत लपून जाते. हिशोब करून बघा, सेकंदाला एक थेंब गळला तर दिवसाला चारेक लिटर होतात आणि वर्षाला दीड हजार लिटर. रोज हजारो लिटर विकणाऱ्या पंपाला चार लिटर कुठं कळणार? आणि आपल्या पट्ट्यात पंप थोडेथोडके नाहीत. महाराष्ट्रातल्या आणि इकडच्या दरात फरक आहे म्हणून कोल्हापूर-कागलकडच्या गाड्या कोगनोळीची सीमा ओलांडून इकडं टाकी फुल करायला येतात, त्यामुळं सीमेलगतच्या हायवेला पंपांची रांगच लागलीय.

खाली उतरलेलं पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते भूजलाच्या पातळीवर तरंगत बसतं आणि त्यातली बेंझिनसारखी द्रव्यं हळूहळू पाण्यात विरघळत राहतात. बेंझिननं रक्ताचा कॅन्सर होतो, याबद्दल आता शास्त्रात वाद उरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. आपल्या बीएस-६ पेट्रोलमध्ये बेंझिन जास्तीत जास्त १ टक्का चालतं, म्हणजे एका लिटरमध्ये १० मिली, वजनानं साधारण पावणेनऊ ग्रॅम. भागाकार केला तर एका लिटर पेट्रोलमधलं बेंझिन आठ लाख लिटरपेक्षा जास्त पाणी त्या मर्यादेपर्यंत न्यायला पुरतं. मामांची विहीर वीस फूट रुंद, उन्हाळ्यात पाणी पंधरा-सोळा फूट, म्हणजे दीड लाख लिटरच्या आत-बाहेर. अशा पाच-सहा विहिरी एका लिटरमध्ये. सगळं बेंझिन काही पाण्यात उतरत नाही, बरंचसं मातीत अडकतं, उडून जातं, हे मान्य, तरी वर्षाचे दीड हजार लिटर डोळ्यांपुढं आणा.

आणि त्या टीसीएल पावडरबद्दल. पंचायतीच्या माणसाला दोष देत नाही, त्याला तेवढंच शिकवलंय. टीसीएलनं जंतू मरतात, बेंझिन जात नाही. तुरटीनंही जात नाही. ‘आता वास येत नाही म्हणजे पाणी चांगलं’ हा सगळ्यात घातक समज आहे, कारण बेंझिनचा वास माणसाच्या नाकाला कळायला पाण्यात लिटरला साधारण १० मिलिग्रॅम लागतं, मर्यादेच्या हजारपट. पेट्रोलमधल्या दुसऱ्या द्रव्यांचा वास थोडा लवकर येतो, ती उडून गेली की वास संपतो आणि लोक परत पाणी भरायला लागतात.

आता तिसऱ्या बाजूकडं येतो, कारण तिचा मुद्दा मला सगळ्यात दमदार वाटतो, जरी ग्रुपवर तो ‘पाऊस पडला की जाईल’ एवढाच मांडला गेला. निसर्ग पेट्रोल खातो हे खरं आहे. मातीतल्या बॅक्टेरियांना पेट्रोल म्हणजे अन्न आहे. कॅलिफोर्नियात १९९५ मध्ये लॉरेन्स लिव्हरमोर या सरकारी प्रयोगशाळेनं गळक्या टाक्यांच्या शेकडो केसेस तपासल्या आणि सांगितलं की बहुतेक ठिकाणी प्रदूषण अडीचशे फुटांच्या आतच थांबतं, बॅक्टेरिया त्याला पुढं जाऊ देत नाहीत, तेव्हा प्रत्येक जागी करोडो ओतून पाणी उपसत बसायची गरज नाही. अभ्यास प्रामाणिक होता आणि आजही त्यातलं बरंच टिकून आहे. खरं पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, त्याच कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका शहराला आपल्या पिण्याच्या पाण्याचा जवळपास निम्मा भाग बंद करावा लागला. कारण पेट्रोलमध्ये ऑक्टेनसाठी घातलेलं एमटीबीई नावाचं रसायन बॅक्टेरियांना सहज पचत नाही, मातीला चिकटत नाही, पाण्याबरोबर सरळ पळत सुटतं. त्या विहिरी शुद्धीकरण प्लांट बसवून परत चालू व्हायला चौदाएक वर्षं लागली.

म्हणून ‘निसर्ग करेल’ म्हणणाऱ्याला माझा प्रश्न आहे, कुठल्या जमिनीत करेल आणि कुठल्या पेट्रोलवर करेल? तो अभ्यास बहुतेक वाळू-गाळाच्या जमिनीचा. आपल्याकडं निपाणी-चिकोडीला वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याच्याखाली काळा बेसाल्ट. मुरमातून पाणी पसरतं, बेसाल्टमध्ये मात्र ते भेगांमधून जातं, आणि भेग कुठं नेईल ते विहीर खणणाऱ्या वडराला विचारा, दहा फुटांवर कोरडं आणि शंभर फुटांवर झरा हे त्यानं आयुष्यभर बघितलंय. बॅक्टेरियांना काम करायला माती लागते, ओलावा लागतो, हवा लागते, वेळ लागतो. दगडाच्या भेगेत ह्यातलं फारसं काही मिळत नाही. अडीचशे फुटांचा नियम इथं लावणं म्हणजे नदीचा हिशोब पाइपलाइनला लावणं.

पेट्रोलचंही तसंच. २०२५ पासून देशभर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय. आपल्या जिल्ह्यात वीसहून जास्त साखर कारखाने, उसाच्या बिलात इथेनॉलचा वाटा आहे, मामांचाही ऊस कारखान्याला जातो, त्यामुळं इथेनॉलच्या विरोधात मी एक शब्द बोलणार नाही, शेतकऱ्याला त्याचा आधार मिळालाय. पण इथेनॉल जमिनीत उतरलं की बॅक्टेरिया आधी तेच खातात, ते पचायला सोपं, आणि ते खाताना मातीतला ऑक्सिजन संपवून टाकतात, मग बेंझिन तसंच राहतं आणि आणखी लांब जातं. हे संशोधनात पुन्हापुन्हा दिसलंय. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, टाकीच्या तळाशी पाणी साचलं की जुनं लोखंड लवकर खराब होतं. म्हणजे उद्या टाक्या जास्त गळायची शक्यता आहे आणि गळलेलं निसर्गानं खायची शक्यता कमी. अशा वेळी टाक्यांची तपासणी दुप्पट व्हायला हवी की जुन्याच भरवशावर बसायचं?

विहीर उपसायचं म्हणाल तर तो उपाय नुसता अपुरा नाही, उलटा आहे. मोठी मोटार लावून विहीर खाली केली की आजूबाजूचं पाणी विहिरीकडं धावतं, पंपाखालचं पेट्रोलही त्याच्याबरोबर ओढलं जातं. उपसलेलं पाणी ओढ्याला सोडलं की खालच्या शेतकऱ्याच्या वाट्याला जातं. आणि पेट्रोलची वाफ भरलेल्या विहिरीत मोटार सोडणं, विडी पेटवून वाकून बघणं, हे जिवावरचं काम आहे, ते कुणीही करू नये. पावसाळ्यात वास जातो तेही नीट समजून घ्या. पाण्याची पातळी वर आली की मुरमात चिकटलेलं पेट्रोल पाण्याखाली दबतं, मार्च-एप्रिलला पातळी उतरली की तेच परत सुटतं. मामांच्या विहिरीचा वास जुलैत गेला तेव्हा गावानं विषय मिटला म्हणून सांगितलं. यंदा शिमग्यानंतर तो परत आला.

आता पहिली बाजू. जो प्रदूषण करेल त्यानंच भरावं, हे तत्त्व मला शंभर टक्के मान्य आहे, आणि आपल्याच सुप्रीम कोर्टानं ते ठामपणे सांगितलंय. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी गाव आहे, तिथं रासायनिक कारखान्यांच्या घाणीनं विहिरींचं पाणी वापरायच्या लायकीचं राहिलं नाही. १३ फेब्रुवारी १९९६ ला कोर्टानं निकाल दिला की सफाईचा सगळा खर्च कारखान्यांनी द्यायचा. ऐतिहासिक निकाल, कायद्याच्या प्रत्येक पुस्तकात आहे. आणि पुढं काय झालं? अर्जावर अर्ज, फेरविचारावर फेरविचार, २०११ मध्ये सुप्रीम कोर्टालाच परत सांगावं लागलं की ते ३७ कोटी ३८ लाख रुपये व्याजासकट भरा. पंधरा वर्षं. निकाल बरोबर होता, न्यायाधीश ठाम होते, पण विहिरी त्या पंधरा वर्षांत आपोआप गोड झाल्या नाहीत. जिथं दोषी ढळढळीत समोर होता तिथं ही गत, मग जिथं दोषी कोण तेच कळत नाही तिथं काय होणार?

आमच्याच गावाचं घ्या. विहिरीच्या वरच्या अंगाला आज चालू असलेला पंप एक. आणि त्याच्या जरा पलीकडं, रस्ता रुंद व्हायच्या आधी एक जुना पंप होता, तो उठला, मशिनी गेल्या, छत गेलं, जमिनीतली टाकी काढली की तशीच बुजवली हे सांगणारं कुणी सापडत नाही, आज तिथं गॅरेज आहे. बहुतेक पंपांवर टाकी आणि मशीन कंपनीचं, जागा डीलरची किंवा भाड्याची, देखभालीचा ठेकेदार तिसराच. चालू पंपवाला म्हणतो माझा स्टॉक जुळतोय, जुन्याचा मालक म्हणतो मी विकून मोकळा झालो. ह्यात मामांनी कुणावर केस करायची? आणि भरपाई मिळाली तरी काय, एक वर्षाच्या टँकरचे पैसे हातात पडतील, पेट्रोल जमिनीतच राहील, आणि भरपाई घेतलेल्या माणसाचं तोंड बंद झालं की शेजारच्या तीन विहिरी कुणी तपासायच्या? पंप बंद केला तरी तेच. बंद पंपाची टाकी हीच तर इथली एक संशयित आहे.

अमेरिकेनं हा तिढा कसा सोडवला ते बघण्यासारखं आहे. लव्ह कॅनॉल इथं वस्तीखाली पुरलेला विषारी रासायनिक कचरा वर आला, त्या प्रकरणानंतर १९८० मध्ये त्यांनी विषारी जागा साफ करायला मोठा कायदा केला, पण त्यातून पेट्रोलियम वगळलं. मग गावोगावच्या विहिरींत पेट्रोल सापडायला लागल्यावर १९८४ मध्ये खास पुरलेल्या टाक्यांसाठी तरतूद करावी लागली आणि १९८६ मध्ये एक फंड उभा केला, गॅलनला एका सेंटचा दहावा भाग. दोषी सापडला तर त्याच्याकडून वसूल करायचे, नाही सापडला किंवा तो बुडाला तर फंडातून काम करायचं. जुन्या टाक्या सुधारा नाहीतर काढा, याला दहा वर्षांची मुदत दिली, ती २२ डिसेंबर १९९८ ला संपली. आजवर त्यांच्याकडं साडेपाच लाखांहून जास्त गळत्या नोंदल्या गेल्या आणि त्यातल्या सुमारे ९० टक्के जागांची सफाई पूर्ण झाली. आपल्याकडं पंप ९० हजारांवर आहेत, गळत्या किती हा आकडा एखाद्या सरकारी पानावर शोधून दाखवा. आपल्याकडं गळतच नाही असं मानायला लोखंड काही वेगळं आहे का? चेन्नईच्या तोंडियारपेटमध्ये २०१३ मध्ये पुरलेल्या पाइपलाइनमधून इंधन घरांच्या बोअरमध्ये आलं होतं, ते लोकांनी बोंब मारली म्हणून कळलं.

हिशोब आपलाही मांडू. २०२३-२४ मध्ये देशात साधारण ३.७ कोटी टन पेट्रोल आणि ९ कोटी टनांच्या आसपास डिझेल खपलं, लिटरमध्ये ते पंधरा हजार कोटींच्या वर जातं. लिटरला फक्त एक पैसा बाजूला काढला तर वर्षाला दीडशे कोटी. टाकी फुल करणाऱ्या मोटारवाल्याला चाळीस लिटरमागं चाळीस पैसे.

यावर ‘आणखी एक सेस?’ असं कुणी म्हटलं तर मी त्याला हसणार नाही. कोळशावर २०१० मध्ये स्वच्छ ऊर्जेच्या नावानं सेस लावला, तो टनाला ५० रुपयांवरून ४०० वर गेला, पैसा मोठा जमला, त्यातला बराचसा त्या कामाला लागलाच नाही आणि २०१७ मध्ये तो जीएसटीच्या भरपाईकडं वळला. दिल्लीत जमा झालेला पैसा मामांच्या विहिरीपर्यंत येईल यावर माझाही विश्वास नाही. म्हणूनच मी जिल्हा म्हणतोय. खाणींसाठी २०१५ पासून जिल्हा खनिज निधी आहे, पैसा त्या जिल्ह्यातच राहतो, त्यातही गडबडी झाल्यात, पण निदान जाब विचारायला डीसी, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांचं ऑफिस तरी आहे. इंधनाचा निधी तसा ठेवा, आणि नियम एकच ठेवा की पाण्याचा रिपोर्ट खराब आला की पंधरा दिवसांत तपासणीचे पैसे सुटले पाहिजेत, कुणाची सही अडली म्हणून थांबायचं नाही.

कायदा आता आहे, हेही मान्य करतो. २०२५ च्या जुलैमध्ये केंद्रानं प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. जिल्हा प्रशासनानं संशयित जागांची यादी द्यायची, राज्याच्या प्रदूषण मंडळानं ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, मग तीन महिन्यांत सविस्तर, जबाबदार माणूस शोधायचा. पाऊल चांगलंच आहे. पण सहा महिने नुसत्या तपासणीला, आणि त्याची सुरुवात जिल्ह्याच्या यादीपासून. हायवेच्या कडेची एक विहीर त्या यादीत कोण घालणार? पंचायतीनं लिहून दिलं तरच.

आणि आता दुसरी बाजू, जी लिहिताना मला सगळ्यात जड जातंय. सीमाभागातल्या मराठी माणसाच्या तक्रारी खोट्या आहेत असं मी कधीच म्हणणार नाही. प्रयोगशाळेचा रिपोर्ट कन्नडमध्ये येतो आणि मामांना तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. आपल्या विहिरीत विष आहे की नाही हे आपल्या भाषेत कळणं हा हक्क आहे, त्यासाठी भांडलंच पाहिजे, नोटीस, रिपोर्ट, पंपावरचा फलक, सगळं मराठीतही पाहिजे. पण ‘महाराष्ट्रात असतो तर’ हे वाक्य इथं उपयोगाचं नाही. दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी तिकडं उगवून इकडं येतात, भूजलही तसंच, बेसाल्टला सीमावादावरचा महाजन आयोग माहीत नाही. सीमेच्या अल्याड गळती झाली तर बेंगळुरूचं प्रदूषण मंडळ आणि चेन्नईचं हरित न्यायपीठ, पल्याड झाली तर मुंबईचं मंडळ आणि पुण्याचं पीठ. दोन किलोमीटरच्या पट्ट्यात पाण्याचा एक साठा आणि चार ऑफिसं. खरी मागणी असेल तर ती ही, की सीमेलगतच्या पंपांची तपासणी दोन्ही राज्यांनी मिळून करावी. म्हादईच्या टीएमसीवर आपण वर्षानुवर्षं भांडतोय, अलमट्टीच्या उंचीवर भांडतोय, ते भांडायलाच पाहिजे, पण पायाखालच्या पाण्याचा एक साधा रिपोर्ट मागायला मोर्चा निघालेला मी अजून बघितला नाही.

कुणी म्हणेल, पेट्रोलपेक्षा गटारीचं पाणी, खताचं नायट्रेट, बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांची घाण ह्यानं जास्त विहिरी बिघडल्यात. खरंय. फरक एवढाच की पेट्रोलची जागा ठरलेली असते. पंप कुठं आहे सगळ्यांना माहीत, टाकी किती वर्षांची ते कागदावर, भोवती तीन-चार बोअर मारून दर चार महिन्यांनी पाणी तपासलं की गळती पहिल्या वर्षातच पकडता येते. पकडली की तरंगणारं पेट्रोल वरचेवर काढून घेता येतं, मुरमातली वाफ पाइप घालून ओढता येते, पाणी कोळशाच्या फिल्टरमधून नेता येतं, माती काढून बॅक्टेरिया वापरून साफ करता येते. तेलाचा गाळ खाणारे बॅक्टेरिया तर आपल्याच देशात टेरी संस्थेनं तयार करून तेल कंपन्यांच्या आवारात वापरलेत. तेल कंपन्यांना हे सगळं येतं. ते पंपाच्या कुंपणाबाहेरच्या विहिरीपर्यंत आणायचं राहिलंय.

१९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा टिळकवाडीत आधी विहीर खणली, मग मंडप घातला. काँग्रेस विहीर म्हणून ती आजही आहे. शंभर वर्षांपूर्वी आलेल्या पाहुण्यांसाठी पाण्याची तजवीज आधी करणारी आपली माणसं, आज पंपाला परवानगी देताना खालच्या अंगाला विहीर किती फुटांवर आहे हे विचारत नाहीत. केंद्रीय प्रदूषण मंडळानं २०२० च्या जानेवारीत नव्या पंपासाठी शाळा, दवाखाने आणि वस्तीपासून ५० मीटरचं अंतर सांगितलं. शेतातल्या विहिरीसाठी तसं अंतर कुठं मागितलंय का आपण?

मामांनी ह्या आठवड्यात पंचायतीला अर्ज दिलाय, तो मी लिहून दिला. त्यात पंप बंद करा असं नाही आणि भरपाईचा आकडाही नाही. चालू पंपाच्या टाक्यांची प्रेशर टेस्ट करा, गॅरेजखाली जुनी टाकी आहे का ते खणून बघा, उताराच्या बाजूच्या सगळ्या विहिरी-बोअरचं पाणी बेंझिनसाठी मे महिन्यात, पातळी सगळ्यात खाली असताना तपासा, आणि रिपोर्ट मराठी आणि कन्नड दोन्हीत चावडीवर लावा. खाली बारा सह्या आहेत. सगळ्यात खालच्या विहिरीच्या मालकानं सही केली नाही, त्याच्या पाण्याला अजून वास येत नाही, आणि त्याच्या घरात सगळे तेच पाणी पितात.